आप्पांची ढाक

फॉर्म आला त्या दिवसापासून माझं पोट बिघडलं. अलंकारिक बोलत नाही, खरंच बिघडलं. सकाळी शाळेला निघताना दोन घास खाल्ले की मळमळायचं, आणि संध्याकाळी येळ्ळूरहून आप्पांचा फोन आला की पुन्हा. फोनवर एकच प्रश्न असायचा.

"भरलीस काय गं फार्म?"

"भरतो की आप्पा, घाई काय हाय?"

(आमच्याकडं बायकाही 'भरतो, जातो'च म्हणतात. पुण्याच्या लोकांना हसू येतं. येऊ दे.)

"तुला नसंल. मला हाय. अठ्ठ्याहत्तर पुरी झाली."

आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी सैन्यात होते आणि तिथं ते हेवीवेट गटात बॉक्सिंग खेळले. निपाणीकडच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, बोरगावच्या बाजूला एक मोठा बंदिस्त क्रीडा हॉल बांधला. त्याच्या एका भिंतीवर आपल्या भागातल्या थोर खेळाडूंचे फोटो लावायचे, खाली चार ओळी लिहायच्या, असं त्यांच्या मनात आलं. ते लोक त्याला 'हॉल ऑफ फेम' म्हणायचे. आमच्या गावात त्याचं 'फेमची भिंत' झालं. समिती नेमली, फॉर्म छापले, आणि त्यातला एक आमच्या तालमीतल्या पोरांनी हौसेनं आणून आप्पांच्या हातात दिला.

गावाच्या मते फॉर्म ही नुसती रीत होती. आप्पांचं नाव नाही लागायचं तर कुणाचं लागायचं? आप्पा राष्ट्रीय विजेते. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि मला ठाऊक होतं की ते खोटं आहे. माझ्या मळमळीचं औषध म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. घेतल्या. कशाचं काय!

खोटं कुणी रचलं, असं विचाराल तर कुणीच नाही. आप्पा मुळात तालमीतले. आजोबा कुस्तीगीर, आप्पाही लाल मातीतच वाढले. भरती झाल्यावर त्यांचं वजन आणि छाती बघून सुभेदारानं हातात ग्लोव्हज घातले, एवढंच. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत ते पोचले, तिकडं दूर उत्तरेत. समोर एक पंजाबी गडी. लढतीच्या तिसऱ्या आणि शेवटच्या फेरीत त्या गड्याचा हात आप्पांच्या काखेत आला आणि आप्पांनी तो दाबून धरून, कंबर आत घालून, त्याला ढाक मारली. कुस्तीतला डाव. गडी आप्पांच्या कंबरेवरून पलीकडं पाठीवर पडला. बॉक्सिंगमध्ये असं करत नाहीत हे सांगायला नको. पंचांनी आप्पांना तिथल्या तिथं बाद केलं.

पण आमच्या गावचे दोघे त्याच पलटणीत होते आणि ते आप्पांच्या आधी सुट्टीवर आले. त्यांनी पारावर सांगितलं, "आपल्या गड्यानं पंजाब्याला उचलून हाणला! पाठ लागली! समदं मैदान उठून हुबं ऱ्हायलं!" मैदान उभं राहिलं होतं ते आरडाओरडा करायला, पण ते त्या दोघांनी सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही कळलं नसेल. आमच्याकडं समोरच्याची पाठ मातीला लागली की कुस्ती जिंकली, विषय संपला. आठ दिवसांनी आप्पा बेळगावच्या स्टेशनवर उतरले तर समोर हलगी, फेटा, गुलाल, अख्खं गाव. त्या गर्दीत कुणाच्या कानात काय सांगणार?

तेव्हापासून आमच्या गावच्या कुस्ती मैदानात एक नंबरची कुस्ती आप्पांच्या हातानं लागते. नारळ फोडायचा, दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे आणि बाजूला व्हायचं. आमदार आला तरी हा मान आप्पांचाच. हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो, म्हणून नारळ दुसरं कुणीतरी फोडतं, पण हात तेच मिळवून देतात. वर्षभर ते त्या एका दिवसासाठी जगतात, असं म्हटलं तरी चालेल. हे गेलं तर त्या माणसाकडं काय उरणार, या विचारानं माझी झोप उडाली होती.

मला कधी कळलं ते सांगते. सातवीत होते. ट्रंकेत स्वेटर शोधताना पलटणीनं दिलेला एक कागद सापडला, इंग्रजीत टाइप केलेला. त्यात आप्पांची एकेक लढत ओळीनं लिहिलेली होती, पुढं निकाल. शेवटच्या ओळीतला 'डिस्क्वालिफाइड' हा शब्द मला येत नव्हता. शाळेतल्या डिक्शनरीत बघितला. अपात्र ठरवलेला. डिक्शनरी मिटली आणि शाळेच्या संडासात जाऊन रडले. घरी कुणाला बोलले नाही.

नंतर महिनाभरात शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, माझे वडील. आणि मी, सगळं माहीत असून, ताठ मानेनं सांगितलं की माझे वडील राष्ट्रीय विजेते आहेत. पहिला नंबर आला. आप्पा पुढच्याच रांगेत बसले होते आणि त्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, लाजले. आई शेजारच्या बायकांकडं बघत होती, बघा म्हणावं. आई गेली तीसुद्धा विजेत्याची बायको म्हणूनच गेली.

आता मी पंचावन्नची. तीस वर्षं मराठी शाळेत मार्क देत आलेय आणि कॉपी करणाऱ्याला एक मार्क जास्त दिलेला नाही. तो कागद मी परत काढला आणि पेपर तपासावा तसा तपासला. म्हटलं, विजेतेपद सोड बाई, बाकीच्यावर तरी हा माणूस भिंतीवर जाण्याच्या लायकीचा आहे का? रागानं नाही, मनापासून बघायचं होतं मला.

तर असं आहे की हेवीवेटात गडी कमी. एवढ्या वजनाची माणसं आपल्या देशात तेव्हा मिळत कुठं होती? चारच जण आले की पहिली लढत तीच उपांत्य. आणि बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य देतात. आप्पांची दोन कांस्यपदकं अशी होती. दोन्ही वेळा ते एकच लढत खेळले आणि तीही हरले. आणखी तीन ठिकाणी 'विजयी' लिहिलंय, पण समोरचा गडी आलाच नव्हता. खऱ्याखुऱ्या मारामारीत जिंकलेल्या लढती मोजून सहा. त्यातली एक मात्र जबरी होती. त्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्याला दुसऱ्या फेरीतच झोपवला होता. ती ओळ मी चारदा वाचली. बाप माझा! पण एका ओळीवर भिंत चढता येते का? माझं मन म्हणायचं, नाही. मग लगेच म्हणायचं, स्वतःच्या बापाचे मार्क कापायला बसलीस होय गं, लाज नाही वाटत?

फॉर्म भरायला रविवारी येळ्ळूरला गेले. फॉर्मला दोन बाजू, एकीकडं कन्नड, दुसरीकडं मराठी, मजकूर तोच. आमच्या गावात तो फॉर्म हातात आला की माणूस आधी उलटा करतो, मराठी बाजू वर आणतो, मगच चष्मा लावतो. कन्नड येत नाही असं नाही. बाजारात सगळे कन्नड बोलतात, भांडण तर कन्नडमध्येच जास्त रंगतं. पण वाचायचं म्हटलं की इरेला पेटतात. सीमाप्रश्नासाठी इतकी वर्षं लढून लाठ्या खाल्लेलं गाव आहे, त्यांना कोण काय बोलणार.

नाव, वय, गाव, गट असं लिहून झालं. हात थांबला. मी विचारलं, "आप्पा, फायनलचं काय लिवू?"

आप्पा दाराबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुला ठावं हाय ते लिही."

मला काय कळायचं ते कळलं. विजेता लिही, दुसरं काय! माझी लेखणी काही चालेना. शेवटी मी लिहिलं, 'राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत संस्मरणीय लढत दिली.' खोटं नाही. खरंही नाही. आप्पांना वाचून दाखवलं. ते नुसते "हं" म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

मग मी बेळगावला घरी येऊन, दार लावून, कन्नड बाजू भरली. नोकरीसाठी मला कन्नडची परीक्षा द्यावी लागली होती, त्यामुळं लिहिता येतं, अक्षरही बरं आहे. त्या बाजूला मी सगळं लिहिलं. कांस्य कसं मिळालं, समोरचे आले नाहीत ते, आदल्या वर्षीच्या विजेत्याला हरवलं ते, आणि अंतिम फेरीत नियमभंगामुळं बाद झाले ते. सोबत पलटणीच्या कागदाची झेरॉक्स जोडली. मराठी बाजू आप्पांसाठी आणि गावासाठी, कन्नड बाजू समितीसाठी. समिती काय ते ठरवेल, पोस्टानं कळवेल, 'यंदा अर्ज फार आले' असं मी घरी सांगेन, झालं. कुणाचं वाईट नाही, कुणाशी लबाडी नाही. एवढी हुशारी मला कशी सुचली याचं मलाच कौतुक वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

चार आठवड्यांनी अण्णांचा स्वतःचा फोन आला. फार गोड माणूस. म्हणाले, "टीचर, रविवारी तीनला आप्पांना घेऊन यायचं हं. सगळ्या अर्जांचं जाहीर वाचन ठेवलंय. बंद दाराआड काही नको, लोकांसमोर होऊ दे. तीनला म्हणजे तीनलाच, मला सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं."

जाहीर वाचन! मी विचारलं, "अण्णा, कुठल्या बाजूचं वाचन?"

"म्हणजे?"

"काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

आप्पांना आजारी पाडावं, गाडी बंद पडल्याचं सांगावं, जाऊन अण्णांचे पाय धरावेत, काय काय डोक्यात आलं. एकदा तर आप्पांना सगळं सांगून टाकायचं ठरवून येळ्ळूरला गेले, तर ते अंगणात बसून बुटाला पॉलिश करत होते. मी चहा पिऊन परत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून ठेवणाऱ्याच्या बोटांना काय कळा लागतात ते कुणी सांगत नाही.

रविवारी मी आप्पांना माझ्या गाडीत घेतलं. मागून गावचे दोन टेम्पो ट्रॅव्हलर, तालमीतले सगळे, म्हातारे वस्ताद, आणि हलगी. हलगी कशाला रे बाबांनो, म्हटलं, तर वस्ताद म्हणाले, "येताना लागंल की." वस्ताद आप्पांच्याच वयाचे, एका मातीत लोळलेले. संकेश्वरला सगळे चहाला थांबले. मी चहा तसाच ठेवला. आप्पांनी मात्र दोन कप घेतले आणि इस्त्रीची टोपी परत परत नीट केली.

हॉल नवाकोरा, रंगाचा वास येत होता. ती भिंत समोरच होती, पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर आधीच खिळे मारून ठेवले होते. खुर्च्यांवर दीडेकशे माणसं. टेबलामागं अण्णा आणि त्यांच्या शेजारी निपाणीचे एक रिटायर झालेले पी. टी. मास्तर, शिट्टी अजून गळ्यात.

आधी खो-खो खेळलेल्या एका बाईंचा अर्ज झाला, मग एका सायकलवाल्याचा. मग आप्पांचा. अण्णांनी फॉर्म उचलला. मी देवाला म्हटलं, मराठी, मराठी, मराठी. अण्णांच्या घरात दोन्ही भाषा चालतात, पण शाळा कन्नड झालेली. त्यांनी फॉर्म उलटा केला, चष्मा सारखा केला आणि कन्नड बाजू मोठ्यानं वाचायला लागले.

माझंच कन्नड, माझीच वाक्यं. इतकी स्वच्छ लिहिली होती मी मेलीनं! पहिली दोन-तीन वाक्यं आमची मंडळी, 'कन्नडमधनं कशाला वाचतोय ह्यो' म्हणून कुरकुरत होती. मग हळूहळू कुरकुर थांबली. वाचत नाहीत म्हणून काय कळत नाही थोडंच. 'समोरचा स्पर्धक हजर नसल्यामुळं' आलं तेव्हा मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेवटचं वाक्य आलं. अण्णांनी ते वाचलं, झेरॉक्स बघितली आणि त्यांच्या मोठ्या मनानं, समजलं नसेल तर म्हणून, तेवढं वाक्य परत मराठीत सांगितलं. बाद झाले म्हणून.

मी आप्पांकडं बघितलं नाही. माझ्यात ती हिंमतच नव्हती. मी त्यांच्या बुटांकडं बघत होते.

मास्तर बोलायला लागले. वाईट माणूस नव्हे. म्हणाले, "पैलवान, माफी करा, पण हे सांगाय पायजे. हेवीवेटात गडीच नसतात. न जिंकता कांस्य मिळतं हे आम्हा खेळातल्या लोकांना ठाऊक आहे. ते मी धरत नाही. पुढं चाल मिळालेल्या तीन लढती पण धरत नाही. राहिल्या सहा. त्यात आदल्या वर्षीच्या विजेत्याला पाडलाय, त्याला माझा सलाम. पण भिंतीवर जायचं तर खेळाडूनं त्या खेळाचा मान वाढवलेला पायजे. फायनलला नियम मोडून बाद झालेल्या माणसाला वर लावला, तर खाली उभ्या पोरांना मी काय शिकवू?"

अण्णा म्हणाले, "मास्तर, त्या काळी आपल्या भागात ग्लोव्हज तरी कुणी बघितले होते का? सरावाला तेवढ्या वजनाचा जोडीदार नाही. तरी फायनलपर्यंत गेला माणूस. ते काहीच नाही?"

"काहीच नाही असं कोण म्हणतंय? पण भिंतीएवढं आहे का?"

मी आत म्हणत होते, नाही, मास्तर, नाही. आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्याच मनातलं तो परका माणूस बोलत होता आणि मला त्याच्या गळ्यातली ती शिट्टी ओढून फेकून द्यावीशी वाटत होती.

तेवढ्यात मागनं वस्ताद उठले. हातातली काठी आपटून म्हणाले, "ते समदं ऱ्हाऊ द्या. मला येवढंच सांगा. पाठ लागली का न्हाय?"

मास्तर म्हणाले, "वस्ताद, ही कुस्ती नव्हे."

"पाठ लागली का न्हाय?"

"लागली. पण..."

"लागली न्हवं? मग आमी जित्तलो!" आणि मागं सगळे उठले. आवाज काय, टाळ्या काय. एकानं तर शिट्टी मारली. अण्णा हात वर करून बसा बसा म्हणत राहिले. शेवटी त्यांनी मास्तरांशी दोन मिनिटं कुजबुजून घेतलं आणि उभं राहून सांगितलं की आप्पांबद्दल सर्वांना आदर आहे, पण यावेळी भिंतीवर नाव घेता येत नाही. आमची मंडळी तरातरा बाहेर पडली. दारातच ठरलं की तालमीत आप्पांचा फोटो लावायचा, इथं लावतील त्यांच्यापेक्षा मोठा, आणि खाली लिहायचं, राष्ट्रीय विजेता. बोरगावच्या रस्त्यावर हलगी कडाडायला लागली. कुणी आप्पांना वेगळ्या नजरेनं बघितलं नाही. उलट पंचांनी आपल्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वी लुटलं होतं हे आज कळलं, असा त्यांचा आवेश.

म्हणजे मी ज्याला इतकी भीत होते ते झालंच नाही. मान गेला नाही. मला खरंतर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आप्पा गाडीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली.

हमरस्त्याला लागल्यावर म्हणाले, "कानडीतलं तू लिवलीस."

"व्हय."

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"सातवीपासनं."

ते माझ्याकडं वळून बघायला लागले. मी रस्त्यावरच नजर ठेवली. "सातवीत? म्हंजे शाळंत भाषण केलीस तवाबी ठावं व्हतं?"

"व्हय, आप्पा."

"अगं माझ्या कर्मा," आप्पा म्हणाले आणि कपाळाला हात लावला. "मी त्याच्या आदल्या आठवड्यात ठरिवलं व्हतं. मैदानाच्या दिवशी सांगून टाकायचं समद्यास्नी. मग तू त्या स्टेजवर हुबी ऱ्हाऊन बोललीस. म्हटलं, आता पोरीचं तोंड कसं पाडायचं? शाळा सुटू दे हिची. मग म्हटलं, लगीन हू दे. मग तुझी आई... ऱ्हाऊनच गेलं बघ."

इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी गप्प होते आणि ते माझ्यासाठी. दोघंही एका घरात, एका ताटातलं खाऊन! मला स्वतःचा इतका राग आला की मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"मग फॉर्म कशाला भराय लावलासा?" मी जवळजवळ ओरडलेच. "कशाला एवढा हट्ट?"

"ती माणसं कागद तपासत्यात असं ऐकलतो. म्हटलं, तपासू देत. खरं काय ते बघून बी जर भिंतीवर घेतलं, तर मग मान वर करून मैदानात कुस्ती लावीन. आन न्हाय घेतलं, तर निदान गावाला तरी कळंल." ते खिन्न हसले. "कळलं, तर ती हलगी वाजवाय लागली. आता कुणाला सांगू?"

आमच्या शेजारून टेम्पो ट्रॅव्हलर हॉर्न देत पुढं गेला. खिडकीतून वस्तादांनी काठी हलवली. आप्पांनी हात वर केला आणि गाडी लांब जाईपर्यंत तसाच धरला.

मग म्हणाले, "अजून एक हाय. ते त्या कागदातबी न्हाय."

"काय?"

"ती ढाक चुकून न्हाय बसली. पलटणीत समदी म्हणायची, तालमीची सवय, हात आपोआप गेला. न्हाय. मला मोजता येत व्हतं गं. दोन फेऱ्या त्यानं मला नुसता कुटला व्हता. तिसरी चालू झाली तवाच कळलं, आपण हरलोय. मग त्याचा हात काखंत आला. म्हटलं, जाता जाता आपल्याला येतंय तेवढं तरी दावून जाऊ." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "नियम ठावा व्हता मला."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. उसाचे ट्रॅक्टर जात होते.

"गाव तर म्हणायचं न्हाय," आप्पा म्हणाले. "मास्तर लांबचा माणूस. तू तरी म्हण."

"काय म्हणू?"

"तुला ठावं हाय."

मी त्यांच्याकडं वळले. आयुष्यात इतकं अवघड वाक्य मी कुणाला बोललेली नाही, वर्गातल्या सगळ्यात ढ पोराच्या बापालाही नाही.

"हरलासा, आप्पा."

"व्हय," आप्पा म्हणाले, आणि सीटची पाठ मागं सोडून त्यांनी डोळे मिटले. "हरलो."